हेरनची पुढची ओळ

२८ जून

तळ्यातले किडे आले. दरवर्षी याच आठवड्यात येतात म्हणे. पंखवाले, लांब शेपटीचे, चावत नाहीत, नुसते बसतात. दिव्यांवर, भिंतींवर, फ्राइजच्या गाड्यावर, माणसांच्या पाठीवर. सकाळी आमच्या रोलर कोस्टरच्या, हेरनच्या फलाटावरून आम्ही ते फावड्याने लोटले. पुढच्या ओळीतल्या प्रत्येकाला सांगत होते, तोंड मिटून बसा. तरी एक बाई हसत गेली आणि थुंकत परत आली.

लिहायला बसले होते लॉर्नाच्या फोनबद्दल आणि घसरले किड्यांवर. माझं हे असंच होतं. शाळेतही निबंध गाईवर सुरू व्हायचा आणि कुंपणाच्या तारेवर संपायचा. मग शाळाच संपली.

तर लॉर्नाचा फोन आला. माझी मोठी बहीण. लायमाला असते, इथून गाडीने दोन तास. तरी तीन वर्षांत भेट नाही, कारण मी कधी मेनमध्ये सफरचंदं तोडत होते, कधी डकोटात बिटाच्या ढिगावर, हिवाळ्यात मॉन्टॅनाला बर्फाच्या डोंगरावर चढणाऱ्या तारेच्या पाळण्यांत माणसं बसवत. ती म्हणाली, "आम्ही येतोय तुझ्या पार्कात. सप्टेंबरात, गर्दी ओसरली की. सगळे."

"सगळे म्हणजे किती?"

"चौघं. किप, मी, पोरं. किती काय विचारतेस?"

"सवय लागलीय."

माझं कामच ते आहे. हेरनच्या फलाटावर उभं राहून दिवसभर विचारायचं, किती जण? आणि त्यांना ओळ नेमून द्यायची.

 लहानपणी खाडीवरच्या पुलावरून जाताना आई गाडी हळू करायची, कारण तिथून हेरनचा माथा दिसायचा. तीनशे वीस फूट. आई म्हणायची, पुढच्या वर्षी जाऊ, नोना उंच झाली की. हेरनला बावन्न इंच लागतात आणि मी सगळ्या वर्गात बुटकी. पुढचं वर्ष काही आलं नाही. पण मी आणि लॉर्नाने मागच्या सीटवर ठरवून टाकलं होतं: बसायचं तर दोघींनी, पुढच्या ओळीत, एकीने एकटीने जायचं नाही.

मे महिन्यापासून इथे आहे. रोज सकाळी दार उघडायच्या आधी कामगारांना एक फेरी मिळते. मी अजून बसलेली नाही. सगळे समजतात घाबरते. समजू देत.


५ जुलै

चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची गर्दी. पाय सुजले.

हेरनच्या ओळी दोनदोनाच्या आहेत. दोन, चार, सहा आले की काही प्रश्न नाही. तीन, पाच, सात आले की फलाटावर लगेच कळतं. ते आधी एकमेकांकडे बघतात, मग त्यांच्यातलं एकजण म्हणतं, "मी जाते मागे, मला काय." प्रत्येक घरात हे म्हणणारं माणूस ठरलेलं असतं. बाकीचे जरा "अगं नको, अगं नको" करतात आणि पटापट बसून घेतात. उरलेल्या जागेत मी एकट्यांच्या रांगेतलं कोणीतरी पाठवते. एकट्यांची रांग बाजूच्या जिन्याने येते, लवकर पुढे सरकते. तिथली माणसं बोलत नाहीत, फक्त बोट वर करतात.

आज संध्याकाळी हिशोब लक्षात आला. लॉर्नाची चौघं आणि मी, पाच.

मी ते म्हणणार नाही. या वेळी नाही.


१३ जुलै

आराखडा केला. दारातून आत आलं की सगळं जग उजवीकडे वळतं, म्हणून आपण सरळ मागच्या टोकाला जायचं. तिथून लाकडी रोलर कोस्टर, मग उलटा लोंबकळणारा, मग जेवण बाराच्या आत. जेवणानंतर तासभर बोटी आणि झोपाळे, पोटासाठी. दुपारी वारा पडतो, तेव्हा हेरन. पुढच्या ओळीसाठी वेगळी रांग लावावी लागते, ती लावू. सगळ्यात आधी हेरन उरकावं असं इथले जाणते सांगतात. पण उरकायचं नाहीये मला.

लॉर्नाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मध्येच म्हणाली, थांब. बाथरूमचं दार वाजलं, नळ वाजला, परत आली.

"काय झालं?"

"काही नाही, पोट बिघडलंय. कॉफीचा वाससुद्धा नको वाटतो."

"तू आणि कॉफी नको? किपला सांग डॉक्टरकडे ने."

"नेलं होतं," असं म्हणून हसली. आजारी माणूस हसतं का असं? मग म्हणाली, "नोना, इतकं मिनिटामिनिटाचं नको ठरवूस. मला तुझ्याशी बोलायचंय, बस."

म्हणजे कोस्टरचा उत्साह तिला नाही. पोट बरं झालं की येईल.


२७ जुलै

वाऱ्यामुळे हेरन दुपारभर बंद. पाण्याने भरलेले प्लास्टिकचे पुतळे सीटवर बांधून रिकामी गाडी फिरवत बसलो. माणूस नसलेली गाडी वरून खाली येते तेव्हा आवाज निराळाच येतो, कोणी ओरडत नाही म्हणून.

डबा खायला मी बाहेरच्या मापाच्या सीटवर बसते. रांगेच्या तोंडाशी ठेवलेली, खऱ्या गाडीतून कापून काढलेली दोन जागांची ओळ. जाड माणसांनी आधी इथे बसून बघायचं, दांडा मांडीवर बसतो का ते. नाही बसला तर तिथूनच परत. बरेचजण आपण गंमत म्हणून बसलो असं दाखवतात. दांडा बसला नाही की लेस बांधायला वाकतात.

प्लामेन शेजारच्या जागेत येऊन बसला. हा बल्गेरियाचा विद्यार्थी, उन्हाळ्यापुरता आलेला, गाडी सोडायची कळ याच्या हातात. मी "किती जण?" म्हणते, दारं लागतात, तो कळ दाबतो, असे आम्ही दिवसभर. त्याला विचारलं, माझी बहीण येतेय, आम्ही पाच होतोय, सहावा म्हणून येशील का?

"सहावा म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. माझ्या भाचीशेजारी बसायचं. म्हणजे मी आणि लॉर्ना एका ओळीत येतो."

त्याने गणवेशावरचा एक डाग नखाने खरवडून बघितला. मग म्हणाला, "मी काय घालू?"

"गणवेश सोडून काहीही घाल रे."

विचित्र मुलगा. पण सुटला प्रश्न.


१६ ऑगस्ट

ब्रिनने फोन उचलला. माझी भाची, नऊ वर्षांची. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून किपने तिला मोजलं. बावन्न आणि वर एक केस.

"बूट काढून?"

"बूट काढून, मावशी. आणि केसांचा अंबाडाही नव्हता."

"शाबास. मग तू हेरनवर."

मागे कसलातरी घरघर आवाज येत होता. विचारलं तर म्हणाली, बाबा आईच्या शिवणाच्या खोलीला रंग देतायत, पिवळा. का? तर गप्प. मग तिचा भाऊ कोल्टर मागून ओरडला, "ए, सांगायचं नाही ठरलंय," आणि ब्रिन म्हणाली, "मी कुठे सांगितलं, फक्त पिवळा म्हणाले."

भाडेकरू ठेवतायत वाटतं. किपचं घरं गरम करायच्या भट्ट्या दुरुस्त करायचं काम उन्हाळ्यात थंडच असतं. लॉर्ना मला अशा गोष्टी सांगत नाही हल्ली. मला वाटायचं, कधी राहायला आले तर निदान शिवणाच्या खोलीत मी झोपेन.


१ सप्टेंबर

लेबर डे. उद्यापासून पार्क फक्त शनिवार-रविवार. लॉर्नाने फोनवर मध्येच विचारलं, "फेब्रुवारीत तू कुठे असशील?"

मी सांगायला लागले. मॉन्टॅनाचा पाळणेवाला पुन्हा बोलावतोय. तिथे एक म्हातारा कुत्रा होता, रोज पाळण्यात बसून वर जायचा, वरच्या झोपडीत बेकन खाऊन पाळण्यातच परत यायचा, त्याला तिकीट नाही. कुत्र्याबद्दल सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "का गं?"

"काही नाही. असंच."

आवाज थकलेला. संध्याकाळी आठला झोपते म्हणाली. लॉर्ना, जी माझ्या आजारपणात आईच्या जागी रात्रभर जागायची, ती आठला झोपते.


१३ सप्टेंबर

उद्या. हवा कोरडी, वारा कमी. पुढच्या ओळीत डावीकडे लॉर्ना, उजवीकडे मी. डावीकडून पूल दिसायला हवा, म्हणून तिला डावीकडची.

प्लामेनने केस कापून घेतले. वसतिगृहात इस्त्री कोणाकडे आहे म्हणून विचारत फिरत होता. सगळे त्याला चिडवत होते, माझ्याकडे बघून हसत होते. इस्त्रीत हसण्यासारखं काय आहे?


१५ सप्टेंबर

काल लिहिलं नाही. आज सुट्टी, वसतिगृह रिकामं, सगळे गावात गेलेत. सावकाश लिहिते.

दारातच भेटले. लॉर्नाने किपचा ढगळ शर्ट घातला होता. तिने मला इतका वेळ धरून ठेवलं की मागची माणसं बाजूने जायला लागली. मी म्हटलं, "वजन वाढलंय तुझं." ती म्हणाली, "हो ना, वाढलंय." किप जमिनीकडे बघून हसला. कोल्टर माझ्या खांद्याइतका झालाय. प्लामेन पांढऱ्या शुभ्र शर्टात उभा होता, सर्वांशी हात मिळवले, ब्रिनशीसुद्धा.

"हा कोण?" लॉर्नाने कानात विचारलं.

"सहावा."

"कितीपैकी?" म्हणाली, आणि उगाच कोपराने ढोसलं.

लाकडी कोस्टरवर लॉर्ना बसली नाही. म्हणाली, "डोकं जड आहे, पिशव्या द्या इकडे." उलट्यावरही नाही. बोटीत बसली फक्त. व्हिनेगर घातलेले फ्राइज मात्र तिने दोन मोठे कागद भरून संपवले आणि कोल्टरच्यातलेही उचलले. मला वाटलं, जपून ठेवतेय स्वतःला हेरनसाठी. मी पण तेच केलं असतं.

दुपारी वारा पडला. अगदी आराखड्याप्रमाणे. हेरनच्या तोंडाशी ब्रिन मापाच्या काठीखाली उभी राहिली, काठी डोक्याला लागली, आमच्या फलाटावरची एकजण तिथे होती तिने टाळी दिली. मी लॉर्नाचा हात धरला. "चल. पुढच्या ओळीची रांग तिकडून."

ती जागची हलली नाही. "नोना, त्या पाटीवर काय लिहिलंय, वाच."

"मला पाठ आहे ती. दिवसभर भोंग्यावर ऐकते. मानेचं दुखणं, पाठीचं दुखणं, हृदयाचा त्रास, गरोद..."

एवढं म्हणाले आणि थांबले.

कोल्टर म्हणाला, "मावशीला आत्ता कळलं." किप म्हणाला, "मी सांगत होतो, फोनवर सांगून टाक." लॉर्ना म्हणाली, "मला तिचं तोंड बघायचं होतं."

माझं तोंड कसं झालं कोण जाणे. खरं लिहायचं तर मी आधी मोजलं. किप, कोल्टर, ब्रिन, मी, प्लामेन. ज्याला सहा व्हावेत म्हणून आणला, त्याच्यामुळे पाच होत होते. मग भानावर येऊन लॉर्नाला मिठी मारली, म्हटलं, कधी? फेब्रुवारी, ती म्हणाली. पिवळी खोली. कॉफी. सगळं एकदम जागेवर बसलं, आणि मी मूर्ख त्या कुत्र्याबद्दल बोलत राहिले होते.

प्लामेनने पण मोजलं असणार. उन्हाळाभर माझ्या शेजारी उभा आहे. म्हणाला, "मी एकट्यांच्या रांगेतून येतो." त्या पांढऱ्या शर्टात तो बाजूच्या जिन्याकडे निघालासुद्धा.

"नको," मी म्हटलं. "तू ब्रिनबरोबर बस. कबूल केलंयस. तुम्ही चौघं म्हणजे बरोबर दोन ओळी. मी थांबते लॉर्नापाशी, मला काय."

तोंडातून निघून गेलं. प्लामेनने माझ्याकडे असं बघितलं, जसं गाडी सोडायच्या आधी दांडे तपासताना बघतो. मग ब्रिनने त्याचा हात ओढला.

ते गेले. लॉर्ना बसायला जागा शोधत होती. म्हणाली, "ही खुर्ची चालते का?"

"मापाची आहे. कुठे जात नाही."

"मला अशीच हवी." बसली, डावीकडे. मी उजवीकडे. मी माझा दांडा ओढून घेतला, तिने तिचा वरच राहू दिला आणि हात पोटावर ठेवला. शर्ट ताणल्यावर दिसलं, किती आहे ते.

"वरून कसं दिसतं गं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे? मेपासून इथे आहेस."

"बसले नाहीये मी अजून. आपलं ठरलं होतं ना. पुढच्या ओळीत, दोघींनी."

 आमच्या मागे गाडी साखळीवर चढायला लागली, टकटकटक. मग लॉर्ना हळू म्हणाली, "नोना. मी गेले होते. अकरावीत. बँडच्या सहलीला." थोडं थांबून, "मला वाटलं, सांगितलं होतं तुला."

"नसेल सांगितलं."

"तू तेव्हा केवढीशी होतीस. रडली असतीस."

"हो, रडले असते."

"पुढची ओळ नव्हती," ती म्हणाली. "मधली कुठलीतरी. शेजारी ट्रम्पेटवाला होता, त्याला उलटी झाली. वर पोचल्यावर मी पूल शोधत होते. दिसला नाही. नुसतं पाणी."

मी माझ्या दांड्याकडे बघत राहिले. डोक्यावरून गाडी गेली. त्यात ब्रिनचा आवाज ओळखू आला, उंच, शेवटपर्यंत न तुटलेला. एवढी वर्षं मी जे राखून ठेवलं होतं ते दोघींचं आहे असं समजून राखत होते, आणि ते एकटीचंच होतं. राग आला असं नाही. जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं झालं.

तेवढ्यात एक आडव्या अंगाचा माणूस समोर येऊन उभा राहिला. बायको-मुलं मागे. त्याला बसून बघायचं होतं. जरा वेळ थांबला, मग म्हणाला, "तुमचं झालं का?"

मी दांडा सोडवायला खालची कळ चाचपडत होते. लॉर्नाने माझा हात तिथेच दाबून धरला.

"थांबा हो जरा," ती त्याला म्हणाली. "आम्ही आत्ता कुठे वर पोचतोय."

आणि तिने दोन्ही हात वर केले. एकात माझा होता.


२१ सप्टेंबर

प्लामेनला बसवर सोडलं. त्याच्या आईने पाठवलेली लाल मिरच्यांच्या चटणीची बाटली मला दिली. म्हणाला, तिकडे कधी आलीस तर. मी म्हटलं, येईन की, मला कुठेही जायला आवडतं. तो म्हणाला, "कुठेही नाही, तिकडे." मग बस आली. चटणी चांगली आहे, पावावर लावून खाल्ली. आज कळ दाबायला नवीन मुलगी होती. मी "किती जण?" म्हटल्यावर दारं जरा उशिरा लागतात.

त्याच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी होती बसमध्ये, त्याने बॅग तिथे ठेवली नाही, मांडीवर घेतली.


१९ ऑक्टोबर

थंडी. हॅलोवीनचे भोपळे, भुतं, खोटं रक्त. एक वाट चुकलेला बगळा फलाटाच्या कठड्यावर येऊन बसला, खरा हेरन. त्याला बघत राहिले आणि एका ओळीत तीन माणसं पाठवली. शिव्या खाल्ल्या.

लॉर्नाने फोनवर विचारलं, फेब्रुवारीत येशील ना? मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, तुझं "बघते" मला माहीत आहे.


२ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. पाच वाजता दार बंद झालं आणि फलाटावरच्या सगळ्यांनी मला घेरलं. आज तरी बस, पुढची ओळ तुझी, उद्यापासून गाड्या शेडमध्ये जाणार. मी म्हटलं, नाही. का? म्हटलं, घाबरते. खूश झाले. गाडी सोडली, ते ओरडत गेले, ओरडत आले. पुढच्या ओळीत दोन जागा रिकाम्या होत्या. कोणी बसलं नाही त्यांत, माझ्यासाठी ठेवल्या होत्या म्हणे.

दुपारची एक गोष्ट राहिली. पाच जणांचं घर आलं. आई, बाप, दोन मोठी मुलं, एक बारकी, जेमतेम काठीला लागलेली. मी विचारलं, किती जण? आणि त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी त्या आईकडे बघत होते. ती बोलायच्या आधीच मला कळलं होतं, कोण बोलणार ते. "मी जाते मागे," ती म्हणाली, "मला काय."

तिला मागे पाठवलं, शेजारी एकट्यांच्या रांगेतला एक म्हातारा दिला. गाडी गेली. आणि मग मला लॉर्ना दिसली. आज नाही, कधीतरी. किप, कोल्टर, ब्रिन, आणि ते जे कोण येतंय ते बावन्न इंचाचं होऊन, आणि फलाटावर मागे सरकणारी लॉर्ना, शेजारची जागा रिकामी ठेवून.

वसतिगृहात आता मी आणि गरम पाण्याचे नळ एवढेच. पेट्या भरून झाल्या. मॉन्टॅनाच्या पाळणेवाल्याला फोन केला. म्हटलं, डिसेंबर-जानेवारी येते, फेब्रुवारीत नाही. तो भडकला, फेब्रुवारीतच तर गर्दी. असं काय आहे फेब्रुवारीत?

म्हटलं, आमच्या घरात पाच होतायत.

"मग?" तो म्हणाला.